मोहीम परदेशची, माती जालन्याची

२३ सप्टेंबर १८०३ रोजी दुपारी आर्थर वेलस्ली हा इंग्रज सेनापती केळना नदीच्या दक्षिण काठावर उभा होता. समोर केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य शंभराहून अधिक तोफांसह पसरलेले होते. नदीला जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी त्याला ठामपणे सांगितले. वेलस्लीने दुर्बीण डोळ्यांना लावली. नदीच्या अल्याड एक गाव होते आणि नेमके त्याच्या समोर पल्याड दुसरे. दोन गावे अशी समोरासमोर वसली असतील, तर माणसांना आणि गुरांना जायला-यायला उतार असलाच पाहिजे, असा तर्क त्याने केला आणि तो खरा निघाला. सैन्य पार झाले. पुढे जे झाले ते असईची लढाई म्हणून इतिहासात नोंदले गेले. इंग्रजांच्या दहा हजारांच्या आतील फौजेपैकी सुमारे सोळाशे माणसे त्या संध्याकाळपर्यंत मृत वा जखमी झाली होती.

असई आज जालना जिल्ह्यात आहे. या प्रसंगाची आठवण येथे एका वेगळ्याच कारणाने काढावीशी वाटते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांची, म्हणजे ज्यांना इंग्रजीत रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्यांची, ज्यांना ओळख आहे त्यांना तो घरचा वाटेल. या खेळात एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, ‘पुढे नदी आहे, वाटाड्या म्हणतो उतार नाही.’ उरलेले चार-पाच जण आपापले पात्र घेऊन बसलेले असतात. त्यांच्यापैकी कोणी विचारतो, ‘पलीकडे गाव दिसते का?’ सूत्रधार क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, ‘दिसते.’ पुढचे फाशांवर आणि अकलेवर अवलंबून. यात पट नसला तरी चालते, हारजीत नसते आणि खेळ एका रात्रीत संपत नाही.

या खेळांचे मूळही युद्धाच्याच अभ्यासात आहे. १८२४ च्या सुमारास प्रशियाच्या लष्करात रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे, फासे आणि एक पंच यांच्या साहाय्याने युद्धाचा सराव करण्याची पद्धत रुजवली. दीडशे वर्षांनी, १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी त्याच परंपरेतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यात खेळाडूच्या हाती पलटण राहिली नाही, एकच माणूस आला. आणि रणांगणाच्या जागी भुयारे, जादू व राक्षस आले. आपल्याकडे अनेक शहरी तरुणांना या खेळाचे नाव ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या २०१६ च्या मालिकेमुळे कळले. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन मुलांच्या बोलण्यात हल्ली ‘कॅम्पेन’ हा शब्द निवडणुकीशिवाय ऐकू आला, तर तो बहुधा याच अर्थाने असतो.

कॅम्पेन म्हणजे मोहीम. तीच पात्रे घेऊन महिनोन्‌महिने चालणारी, भागाभागांची गोष्ट. अशा मोहिमा पुस्तकरूपाने छापून मिळतात. त्यांत स्थळे, नकाशे, शत्रू, कटकारस्थाने, सारे तयार असते. सूत्रधाराला नोकरीधंदा सांभाळून दर शनिवारी नवे कथानक रचणे शक्य नसते, म्हणून तो छापील मोहीम घेतो. अडचण अशी की, या मोहिमा घडतात त्या जगात पाइनची जंगले असतात, बर्फ पडतो, दर दोन कोसांवर दारूचा गुत्ता असतो आणि गावाचा प्रमुख बॅरन असतो. मराठवाड्यातल्या मुलामुलींनी ते वाचायला हरकत नाही. मात्र खेळताना प्रत्येक जण उसन्या आवाजात बोलू लागतो. मग कोणाच्या तरी मनात येते : हीच मोहीम आपल्या मुलखासारख्या एखाद्या काल्पनिक देशात नेली तर? जमीन काळी, नदी गोदावरीसारखी, डोंगर अजिंठ्यासारखे, आणि तरीही जादूचा देश. प्रश्न उरतो तो निवडीचा. कोणती मोहीम असे स्थलांतर सोसेल आणि कोणती नाही?

हे आधीही घडले आहे

कथेचे असे स्थलांतर आपल्याला नवे नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले ते १८८३ साली. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला तो १८९० साली. पण आपल्या विषयाला याहून जवळचे आणि जालन्यालाही याहून जवळचे उदाहरण दीड-दोन हजार वर्षे जुने आहे. ते म्हणजे गुणाढ्याची बृहत्कथा.

परंपरा सांगते की, गुणाढ्य प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री होता. जलक्रीडेच्या वेळी राणीने संस्कृतात ‘पाणी उडवू नका’ म्हटले. संधी न उमगल्याने राजाने मोदक मागवले आणि सर्वांसमक्ष त्याचे हसे झाले. राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षे लागतील, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या आणि पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली, तेव्हा त्याने रानातल्या पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत सहा लाख श्लोक जाळले. उरले एक लाख. ही झाली दंतकथा. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, हे मात्र खरे.

उपलब्ध आहेत ती त्याची रूपांतरे, आणि सूत्रधाराने अभ्यासावीत अशी तीच आहेत. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने तिचा ‘कथासरित्सागर’ केला. त्याच प्रदेशात क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’ लिहिली. बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ नेपाळमध्ये सापडला. तमिळमध्ये ‘पेरुंगदै’ झाली. सर्वांत धीट काम जैन ग्रंथकार संघदासगणींचे. त्यांच्या प्राकृत ‘वसुदेवहिंडी’त मूळ नायक नरवाहनदत्त गाळला गेला आणि त्याच्या जागी कृष्णपिता वसुदेव आला. धर्म बदलला, नायक बदलला, जग बदलले. टिकले काय? घराबाहेर पडलेला एक तरुण, त्याची भटकंती, ठिकठिकाणी विवाह, विद्याधरांशी गाठ, आणि गोष्टीच्या पोटात गोष्ट सांगण्याची रीत. म्हणजे ज्या यंत्रावर कथा चालते ते यंत्र टिकले. ज्या कथेचे यंत्रच तिच्या मूळ देशाच्या गृहीतकांत रुतलेले असते, तिचे असे रूपांतर होत नाही. फार तर नावे बदलतात.

जाता जाता एक गोष्ट. ‘चांदोबा’ वाचून मोठे झालेल्या पिढीला विक्रम-वेताळाची गोष्ट उज्जयिनीची वाटते. सोमदेवाच्या पाठात मात्र तो राजा त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान आहे. त्याच गोदावरीने जालना जिल्ह्याची दक्षिण सीमा आखलेली आहे. प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला राजा आपल्या पंचक्रोशीतलाच म्हणायचा.

नावे खोडून पाहावीत

छापील मोहीम निवडताना बहुतेक जण नकाशा पाहतात. नदी आहे, डोंगर आहे, मग जमेल, असा हिशेब असतो. तो फसवा आहे. नकाशा बदलणे हे सर्वांत सोपे काम. त्याऐवजी पुस्तक एकदा संपूर्ण वाचावे आणि त्याची गोष्ट एकही विशेषनाम न वापरता, एकाही राक्षसजातीचे नाव न घेता, चार वाक्यांत सांगून पाहावी. जे उरेल तेच स्थलांतरित होणार आहे.

‘लॉस्ट माइन ऑफ फॅन्डेल्व्हर’ ही २०१४ साली नवशिक्यांच्या संचात आलेली छोटी मोहीम घेऊ. व्यापाऱ्याचा माल पोहोचवताना वाटेत हल्ला होतो. मालक बेपत्ता आहे. एका लहान गावावर गुंडांची दहशत आहे. आणि या साऱ्यामागे एका हरवलेल्या खाणीचा शोध आहे, जिच्यात पूर्वी जादूची शस्त्रे घडत. जालन्यात खाणी नाहीत. पण भोकरदन आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन भोगवर्धन नगराचे अवशेष हाती लागले. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत याच भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. येथे मणी घडत, शंख आणि हस्तिदंताचे काम होई. येथे मिळालेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी इतके साम्य दाखवते की, दोन्ही एकाच परंपरेतल्या कारागिरांच्या असाव्यात असे अभ्यासकांना वाटले. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्याआधी इकडचा हस्तिदंत इटलीत पोहोचला होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून भडोच बंदराकडे माल जात असल्याचे नोंदले आहे, आणि पैठणहून जाणाऱ्या मालात अकीकासारखे दगड मोठ्या प्रमाणावर असत.

आता हरवलेल्या खाणीच्या जागी हरवलेली कर्मशाळा ठेवा. तिथे एक श्रेणी, म्हणजे कारागिरांचा संघ, असे मणी घडवी की ते गळ्यात घालणाऱ्याला मृतांचे बोलणे ऐकू येई. श्रेणी नष्ट झाली, कर्मशाळा पांढरीखाली गेली. आपल्याकडे शेतीच्या जमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. जुन्या वस्तीच्या राखेने, मातीच्या भिंतींनी वर चढलेल्या टेकाडाला तर हा शब्द फारच शोभतो. इंग्रजी खेळातले ‘डंजन’ म्हणजे किल्ल्याखालची तळघरे. आपले डंजन पांढरीच्या पोटात, थरांवर थर असे, आयतेच मिळते. सर्वांत वर ओस पडलेला वाडा, त्याखाली देवळाचा चौथरा, त्याखाली विटांचे सातवाहन नगर. खाली उतरावे तसतसा काळ मागे जातो.

ही मोहीम अशी सहज रुजते, कारण तिचे यंत्र व्यापाऱ्याच्या तांड्याचे आहे, आणि व्यापारी तांडे इथेही होते. गावातले गुंड माणसेच आहेत. एकच अडचण राहते : पहिला हल्ला गॉब्लिन करतात.

शत्रू कोण?

येथे मुद्दा खेळाच्या बाहेर जातो, म्हणून थोडे थांबले पाहिजे.

गायगॅक्स यांची ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ ही या खेळातली सर्वाधिक खेळल्या गेलेल्या मोहिमांपैकी एक. नावे खोडून तिची गोष्ट सांगितली तर ती अशी : सरहद्दीवर एक गढी आहे. जवळच्या घळीतल्या गुहांत निरनिराळ्या टोळ्या राहतात. त्या दुष्ट आहेत. गुहांत शिरा, त्यांना मारा, त्यांची संपत्ती घेऊन परत या. गुहांमध्ये बायका आणि मुले किती आहेत, याचीही मोजदाद पुस्तकात आहे.

आता ही गोष्ट अजिंठ्याच्या डोंगररांगेत नेऊन ठेवा. भोकरदनच्या उत्तरेला त्या रांगा सुरू होतात. त्या डोंगरांत कोण राहत होते, हे आपल्याला ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनी सरकारच्या कागदपत्रांत खानदेशातले भिल्ल ‘लुटारू’ म्हणून येतात. त्यांच्यावर पलटणी धाडल्या गेल्या, आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने त्यांच्याचकडून ‘भिल्ल कोअर’ उभी केली. रखवालीचे जुने हक्क बुडाल्यावर डोंगरात गेलेली माणसे त्या कागदांत जन्मजात चोर ठरतात. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच समजूत कायद्यात बसवली. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची नोंद आणि हजेरी सुरू झाली. हा कायदा रद्द झाला तो थेट १९५२ साली. ‘विमुक्त’ हा शब्द तेव्हाचा. त्या शिक्क्याखाली जगणे म्हणजे काय, हे लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने मराठी वाचकाला सांगितले आहे आणि त्याला १९८८ साली साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला आहे. पारध्यांच्या तांड्यावर आजही चोरीचा पहिला संशय जातो, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही वाचकाला निराळे सांगायला नको.

तेव्हा ‘डोंगरातली दुष्ट जमात’ हे इंजिन असलेली मोहीम आपल्या मुलखात आणली, तर गॉब्लिन नावाच्या मुखवट्यामागे कोणाचा चेहरा येईल, हे टेबलावरच्या प्रत्येकाला न बोलता कळते. कोणाच्या मनात तसे नसले तरी कळते. खुद्द अमेरिकेत या खेळाच्या प्रकाशकांनी २०२० मध्ये संपूर्ण जमातीच जन्मजात दुष्ट रंगवण्याच्या सवयीचा फेरविचार जाहीर केला आणि २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ‘रेस’ हा शब्दच काढून टाकला. आपल्याला तर ही सवय मुळातून लागण्याआधीच सोडता येईल. माझ्या मते ‘कीप’ ही मोहीम जालन्यात आणू नये. तिच्यातून शत्रुजमात काढली तर उरते ती रिकामी घळ.

फॅन्डेल्व्हरचे तसे नाही. तिथले गॉब्लिन कोणा तरी कारस्थान्याने पैसे देऊन नेमलेले आहेत. त्यांच्या जागी पगार थकलेले, मोडलेल्या फौजेतले शिपाई आणले की गोष्ट कुठेही अडत नाही, उलट अधिक बोलकी होते. पगार थकल्यामुळे धरणे धरून बसणारी किंवा मुलूख लुटणारी फौज ही दख्खनच्या इतिहासात काही दुर्मीळ गोष्ट नाही.

याच कसोटीवर ‘किंगमेकर’ पाहू. ‘पाथफाइंडर’ या खेळासाठी २०१० मध्ये आलेल्या या मोहिमेत पात्रे एक ओसाड मुलूख पालथा घालतात, तिथे वस्ती करतात आणि शेवटी राज्य स्थापतात. मूळ कल्पनेत अमेरिकन सरहद्दीचा वास आहे : जमीन रिकामी आहे, जो जाईल त्याची. आपल्याकडे जमीन अशी रिकामी कधीच नसते. ओस पडलेल्या गावालाही पाटील असतो, वतन असते, सीमेचा वाद असतो. पण याच अडचणीतून मार्ग निघतो. दुष्काळाने वा लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा वसवण्यासाठी दख्खनमध्ये इस्ताव्याचा कौल देत. पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी थोडा चढत पूर्ण दरापर्यंत. नव्या कुणब्याला बैल आणि बियाणे यांची सोय करून द्यावी लागे. पात्रांच्या हाती तलवारीबरोबर असा कौल दिला, तर राज्य उभारण्याचे मोहिमेतले सारे नियम नव्याने अर्थपूर्ण होतात. सुतार, लोहार, कुंभार यांना गावात आणायचे कसे? पळून गेलेला जुना वतनदार तिसऱ्या वर्षी परत आला तर? मूळ पुस्तकातल्या अर्ध्या राक्षसांपेक्षा हा वतनदार भारी पडेल. फक्त ही मोहीम फार लांब आहे. सहा खंडांची, नियमित बसणारी मंडळी हवीत.

गढी आणि वेताळ

मला सर्वांत मोह पडतो तो ‘कर्स ऑफ स्ट्राड’चा. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी लिहिलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’वरून २०१६ साली ही मोठी मोहीम तयार झाली. नावे खोडली की उरते ते असे : एका खोऱ्यातून बाहेर पडता येत नाही, तिथल्या वाड्याचा धनी मरत नाही आणि कोणाला जाऊही देत नाही. मराठवाड्यातली गढी ज्याने पाहिली आहे, त्याला आणखी सांगायला नको. पांढऱ्या मातीचे खचत चाललेले बुरूज, आत उगवलेली बाभळ आणि निवडुंग, आणि गावाच्या प्रत्येक गोष्टीत अजूनही डोकावणारे त्या घराण्याचे नाव. मूळ मोहिमेत खोरे धुक्याने कोंडलेले आहे. इथे धुके शोभत नाही. त्याऐवजी ढग येतात आणि पाऊस पडत नाही, असे करावे. दरवर्षी आभाळ भरते, दरवर्षी उडून जाते, आणि शिवेपलीकडे पाय टाकणारा फिरून त्याच कोरड्या बारवेशी येतो. आपल्याकडे चकवा लागतो म्हणतात तो हाच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराने पाण्याची काय दशा पाहिली, हे आठवणाऱ्यांना या शापाची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

मोह असला तरी या मोहिमेत तीन काटे आहेत. मूळ पुस्तकात ‘व्हिस्तानी’ नावाचे भटके लोक आहेत आणि ते युरोपातल्या रोमा लोकांविषयीच्या जुन्या दूषित समजुतींवर बेतलेले आहेत. प्रकाशकांनाही २०२० मध्ये त्यात दुरुस्त्या कराव्या लागल्या. त्यांच्या जागी बंजारा किंवा वडार आणून बसवणे म्हणजे तोच दोष भाषांतरित करणे. ही भूमिका वाटल्यास यात्रेत फिरणाऱ्या एखाद्या कथेकऱ्याला किंवा एका विशिष्ट कुटुंबाला द्यावी.

दुसरा काटा वेताळाचा. पिशाच सरदार म्हटले की वेताळ आठवतो, पण तो व्हॅम्पायर नव्हे. अनेक गावांत वेताळ भुतांचा राजा असला तरी शेंदूर लावलेल्या दगडांच्या रूपात गावाची राखणही करतो. त्याला खलनायक केले तर आजी नाराज होईल, आणि ते योग्यच होईल. गढीच्या धन्याला ब्रह्मसमंध करणे अधिक बरे : धनावर वा जमिनीवर जीव अडकून राहिलेला. मराठी भुताखेतांचे एक वैशिष्ट्य या खेळाच्या फार उपयोगी पडते. मुंजा, हडळ, गिऱ्हा, आसरा, प्रत्येकामागे काही तरी अपुरे राहिलेले असते. मुंज झाली पण लग्नाआधी मेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. त्यांना तलवारीने मारता येत नाही, त्यांचे राहिलेले पुरे करावे लागते. खेळाडूंना वीस बाजूंचा फासा खाली ठेवून विचार करायला लावण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. मात्र याच भूतावळीत जातीपातीचे आणि परधर्मीयांविषयीचे किल्मिषही मिसळलेले आहे. ते निवडून टाकणे सूत्रधाराचे काम.

तिसरा काटा पाणवठ्याचा. युरोपीय मोहिमेत पाच अनोळखी माणसे गुत्त्यात एका मेजाशी बसतात आणि मित्र होतात. आपल्या मुलखाशी साम्य असलेल्या देशात ती पाच माणसे एका पंक्तीला बसतील का? गावच्या विहिरीवर सगळ्यांना पाणी मिळेल का? काल्पनिक देशात जात ठेवायची की नाही, याचे एकच बरोबर उत्तर नाही. ठेवली तर ती अन्याय म्हणूनच दिसली पाहिजे, रंगरंगोटी म्हणून नव्हे. आणि गाळली तर गाळली असे आधी मोकळेपणाने बोलून घेतले पाहिजे. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणाच्या आजोबांना तो पाणवठा बंद होता, हे सूत्रधाराला ठाऊक असतेच असे नाही. दुष्काळ आणि गढी यांची मोहीम खेळायची तर हा प्रश्न टळत नाही. म्हणून ही मोहीम एकमेकांना चांगले ओळखणाऱ्या, वयाने जाणत्या मंडळींनीच घ्यावी, असे वाटते.

श्रद्धास्थानांबाबत फार लिहायला नको. अंबडची मत्स्योदरी देवी, राजूरचा गणपती, समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ही जिल्ह्यातली जिवंत ठिकाणे आहेत. त्यांना, किंवा त्यांच्या ओळखू येतील अशा प्रतिकृतींना, खेळातले आकडे चिकटवू नयेत. काल्पनिक देशाला काल्पनिक दैवते द्यावीत. बंगालची पार्श्वभूमी घेऊन मिमी मंडल यांनी ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या २०२२ च्या संग्रहात ‘शंखभूमी’ नावाचा देश उभा केला आहे. आपल्याकडचे वास्तव आणि कल्पना यांची सांगड कशी घालावी, यासाठी तो भाग जरूर वाचावा.

मग कोणती?

माझी निवड ‘रेड हँड ऑफ डूम’ ही आहे. रिचर्ड बेकर आणि जेम्स जेकब्स यांची ही २००६ ची मोहीम. तिची गोष्ट : एक प्रचंड सैन्य खोऱ्यात उतरते आहे. हाती थोडे आठवडे आहेत. कोणते गाव रिकामे करायचे, कोणती वाट अडवायची, कोणाला मदतीला बोलवायचे आणि शेवटी शहर कसे लढवायचे? पुस्तकातले सैन्य हॉबगॉब्लिनांचे आहे खरे, पण ती जात गोष्टीचे इंजिन नाही. इंजिन आहे काळ. म्हणून शत्रू बदलला तरी गोष्ट तसूभरही ढळत नाही. अनेक मुलखांतून भाडोत्री माणसे गोळा केलेली, परक्या अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेली फौज येथे बसवावी. असईला दोन्ही बाजूंना अशीच फौज होती.

आणि मग जालन्याचा भूगोल आपोआप कामाला लागतो. पुस्तकातला दरीवरचा पूल म्हणजे केळनेचा उतार. तो फक्त गावकऱ्यांना माहीत आहे. शत्रूच्या सेनापतीला दुर्बीण द्यायची की नाही, हे सूत्रधाराने ठरवावे. नदीकाठचे पहिले संकटग्रस्त गाव म्हणजे शहागडसारखे गोदावरीवरचे नावेचे ठाणे. वेढा पडणारे शहर म्हणजे तटबंदीचे भोगवर्धन. पुस्तकात पाण्यात बुडालेले एक जुने नगर आहे, त्याचे काय करावे याचा मी बराच विचार केला. शेजारी पैठणला १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या नाथसागरात किती तरी गावे गेली. तलावाखाली गेलेले नगर आणि काठावर राहिलेले त्याचे लोक, ही गोष्ट इथे कोणालाही समजेल. पुस्तकात त्या अवशेषांत शत्रूचे मित्र दबा धरून बसलेले आहेत. मी तिथे विस्थापितांना ठेवीन. ते कोणाच्याच बाजूने लढायला तयार नाहीत. त्यांना आधी विचारायचे आहे की, आमचे गाव बुडाले तेव्हा तुम्ही कुठे होता.

दिनदर्शिकाही बदलावी लागेल. पुस्तकात दिवसांची मोजणी आहे. दख्खनमध्ये स्वाऱ्या निघत त्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर, नद्या उतरल्यावर. मोहीम दसऱ्याच्या थोडी आधी, नद्या भरलेल्या असताना सुरू केली, तर पहिले दोन आठवडे पाणीच गावांचे रक्षण करते. नंतर रोज उतार उघडत जातात आणि खेळाडूंची झोप उडते. पीक उभे आहे. गाव रिकामे करा म्हटले तर शेतकरी हलत नाही. हा पेच मूळ पुस्तकात नाही.

ही मोहीम खेळाच्या जुन्या, साडेतिसऱ्या आवृत्तीची आहे. आकडे नव्या नियमांत बसवावे लागतात. त्याला वेळ लागतो, अक्कल फारशी लागत नाही. खेळाचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ पासून खुल्या परवान्याखाली मोफत उपलब्ध आहेत. मोहिमांची पुस्तके मात्र लेखक-प्रकाशकांच्या मालकीची आहेत. आपल्या दिवाणखान्यात त्यांत हवे ते फेरफार करावेत. ते रूपांतर छापून विकायचे मनात आले, तर आधी परवानगी घ्यावी.

नवख्या मंडळींनी थेट ‘रेड हँड’ला हात घालू नये. दिवाळीच्या सुटीत फॅन्डेल्व्हरचा पहिला भाग, मण्यांच्या कर्मशाळेचा, खेळून पाहावा. तीन बैठका पुरतात. पात्रांची नावे मराठी ठेवली की पहिल्या अर्ध्या तासात थोडे हसू येते, मग कोणाच्या लक्षात राहत नाही. पांढरीत उतरायचे की व्यापाऱ्याचा माल आधी पोहोचवायचा, यावर मंडळींचे भांडण जुंपले आणि ते पुढच्या बैठकीपर्यंत फोनवर चालू राहिले, तर मोठे पुस्तक विकत घ्यायला हरकत नाही.